होऊ द्या सावकाश

आमच्याकडे उन्हाळा नळातून येतो. मे महिन्यात एखाद्या सकाळी तोंड धुवायला थंड पाण्याचा नळ सोडावा आणि हात झटकन मागे घ्यावा लागला, की समजायचं, आला. गच्चीवरच्या टाकीनं दिवसभर ऊन खाल्लेलं असतं. मग दोह्यातल्या घराघरांत तीच युक्ती सुरू होते. गीझर बंद करायचा आणि गरम पाण्याच्या नळानं आंघोळ करायची, कारण गीझरच्या पोटातलं पाणी घरातल्या एसीत राहून गार झालेलं असतं. पार ऑक्टोबरपर्यंत लाल खुणेचा नळ थंड आणि निळ्या खुणेचा गरम. नव्या पाहुण्याला हे समजावून सांगताना मला दरवेळी हसू येतं. परवा हाताला चटका बसला आणि गेल्या उन्हाळ्यातले पाहुणे आठवले, म्हणजे माझे पपा.

खरं तर या दिवसांत कतारला कोणी येत नाही. जे असतात तेही जातात. शाळा संपल्या की अल सद्दमधली आमची बिल्डिंग मजल्यामजल्यानं रिकामी होत जाते. लिफ्टमध्ये बॅगा, दारांना कुलपं, आणि माझ्या स्वयंपाकघरात शेजाऱ्यांच्या किल्ल्या, कारण झाडांना पाणी घालायला सुट्टी न मिळालेलं कोणीतरी लागतंच. समोरच्या फ्लॅटमधल्या नाशिकच्या वहिनी किल्ली द्यायला आल्या तेव्हा मी सांगितलं, वडील येताहेत. त्या म्हणाल्या, "अहो, जूनमध्ये कोणी वडिलांना आणतं का इथं? भाजून निघतील बिचारे."

"तिकडे उपाशी राहताहेत," मी म्हटलं. "त्यापेक्षा इकडे भाजलेले बरे."

हे मी हसत म्हटलं, पण त्यात थट्टा फारशी नव्हती. त्याच्या आधीच्या थंडीत आई गेली होती. वसईच्या आमच्या गावात पपा आता एकटेच राहत होते. भाऊ कॅनडात, मी इथं. आईनंतरची महिन्याची प्रार्थना झाली, पाहुणे पांगले, आणि एक दिवस शेजारच्या मार्थाबायचा फोन आला. मार्थाबाय म्हणजे आईची जन्माची मैत्रीण. ती म्हणाली, "तुझा बाप जेवत नाही गो. पट्ट्याला खिळ्यानं नवीन भोक पाडलंय त्यानं. मी डबा देते तो तसाच परत येतो." पट्ट्याचं ते भोक माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. मी तिकीट काढलं. पपांनी विरोधसुद्धा केला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. जन्मभर केळीची वाडी सोडून कुठं न गेलेला माणूस, बायपासच्या पलीकडे जायचं म्हटलं तरी ज्याच्या कपाळाला आठ्या पडत, तो निमूटपणे विमानात बसून आला. सोबत एकच बॅग, आणि बॅगेत केळीच्या वाळक्या सोपटात बांधलेली सुकेळी, म्हणजे आमच्याकडची उन्हात वाळवलेली केळी.

मी इथल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. लोकांना चालायला लावणं हे माझं काम. ऑपरेशन झालेली, रडणारी, भांडणारी माणसं मी पायावर उभी करते. बापाला जेवायला लावणं मात्र मला जमेना. आईच्या मसाल्याची बाटली मी जपून ठेवली होती, ती फोडली. सुरमईचं आंबट केलं, बोंबील तळले, शेवग्याच्या शेंगा मिळवल्या. पपा म्हणायचे, "छान झालंय," आणि चार घास खाऊन ताट सारायचे. रात्रीचं हे असं. दुपारी तर मी आणि नवरा विल्सन कामावर, लेक एमा सुट्टीतल्या क्लासला. मी ताट झाकून जायचे. संध्याकाळी ताट धुतलेलं असायचं आणि मला वाटायचं, चला, दुपारचं तरी जेवतात.

ते कुठलं जेवायला. एमा एकदा लवकर घरी आली आणि तिनं पाहिलं, की आजोबा बाल्कनीत उभे राहून कबुतरांना भात घालताहेत. "ग्रँडपा, दॅट्स युअर लंच, नॉट देअर्स," ती म्हणाली. एमाला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून इंग्रजीच येतं. पपांना एमाचं इंग्रजी सगळं कळतं, पण ते बोलतात मराठीच. दोघांचं उत्तम जमतं. पपा तिला म्हणाले, "त्यांना पण उन्हाळा आहे, बाय." त्या महिन्यात आमच्या बाल्कनीतली कबुतरं चांगली गलेलठ्ठ झाली होती. मला वाटलं होतं, इथल्या हवेचा गुण.

बाकी त्यांचं चाललं होतं. सकाळी मी आणि एमा त्यांना मॉलमध्ये चालायला न्यायचो. उन्हाळ्यात इथली म्हातारी माणसं मॉलमध्येच फिरतात. दुकानांची शटरं खाली, गुळगुळीत फरशी, आणि पांढऱ्या बुटांतले आजीआजोबा हात हलवत निघालेले. अल अझीझियाजवळच्या एका मॉलच्या छतावर निळं आकाश आणि ढग रंगवलेत. पपांनी मान वर करून ते नीट न्याहाळलं आणि निकाल दिला, "यातून काय पडायचं नाही." बाहेर आलो की चष्म्यावर एकदम वाफ धरायची आणि तिघंही आंधळे होऊन पार्किंगमध्ये उभे. एमाला हा खेळ फार आवडायचा. मलाही. अशा वेळी पपा क्षणभर पहिल्यासारखे वाटत, आणि घरी ताटावर बसले की पुन्हा ते कोणी दुसरेच.

मग जुलैतल्या एका शुक्रवारी आमचा एसी बंद पडला.

शुक्रवार म्हणजे आमचा रविवार. चर्चमध्ये सकाळची मिस्सा करून आलो, दार उघडलं, तर घर तापलेलं. मेकॅनिक आला, त्यानं हॉलमध्ये सगळे पाइप पसरले आणि म्हणाला, "मॅडम, आधा घंटा. इन्शाल्ला." इतकी वर्षं इथं राहिल्यावर त्या अर्ध्या तासाची लांबी मला ठाऊक आहे. विल्सन त्याच्याजवळ थांबला, आणि मी पपांना आणि एमाला घेऊन जवळात जवळ जिथं गारवा असेल तिथं निघाले. ते म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतलं फिलिपिनो हॉटेल.

हॉटेल म्हणायचं इतकंच. लाँड्री आणि मोबाइलच्या दुकानाच्या मधला एक अरुंद गाळा. आत सहासात टेबलं, प्लास्टिकच्या फुलांची परडी, आणि काचेमागे ओळीनं मांडलेली स्टीलची पातेली. मेनूकार्ड वगैरे भानगड नाही. काचेसमोर उभं राहायचं, बोट दाखवायचं, ते ताटात येतं. आमच्या हॉस्पिटलमधल्या सिस्टर्स, सलूनमधल्या मुली, मॉलचे गार्ड, सगळे तिथं जेवतात, कारण तिथं खिशालाही परवडतं आणि पोटालाही. मीही ड्यूटी उशिरा संपली की तिथून काहीबाही घेऊन यायचे. मालकीण नाही, पण सगळं बघते ती मर्लिन. पन्नाशीची, बुटकी, केसांवर जाळी, पायांत पुरुषी चपला. तिची माणसं तिला 'आते' म्हणतात. त्यांच्या भाषेत म्हणजे ताई.

आम्ही पोचलो तेव्हा दुपारची गर्दी ओसरली होती. मर्लिन आणि तिच्या दोन मदतनीस बायका कोपऱ्यातल्या टेबलावर स्वतः जेवायला बसल्या होत्या. हातानं, तिघी. मधे भाताचं भांडं, मुगाची आमटी आणि तळलेले मासे. आम्हाला बघूनही मर्लिन उठली नाही. घास हातात धरून, भुवया उंचावून, हसून म्हणाली, "सर, मॅम, काइन तायो. कम, ईट."

मला वाटलं, वा, काय अगत्य आहे. गिऱ्हाइकाला थेट आपल्या टेबलावर बोलावतेय. मी खुर्ची ओढली, बसले, एमालाही बसवलं, आणि पर्स खाली ठेवली.

पपा मात्र दारातच उभे. त्यांनी एक हात छातीवर ठेवला, थोडे वाकले, आणि अगदी आमच्या ओटीवर उभे राहून म्हणावं तसं म्हणाले, "होऊ द्या, होऊ द्या. सावकाश होऊ द्या." मग दबक्या आवाजात मला म्हणाले, "ऊठ, बाय. ते तसं म्हणायचं असतं."

मर्लिनला मराठी कुठून कळणार. पण छातीवरचा तो हात आणि वाकलेली मान तिला बरोबर कळली. ती आधी पपांकडे बघत राहिली, मग तिच्या टेबलाशी बसलेल्या माझ्याकडे बघितलं, आणि हसत सुटली. इतकी, की एका मदतनीस बाईला तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या. तिनं मला सांगितलं ते असं. तिच्या गावात जेवताना कोणी दारावरून गेलं, तर त्याला 'काइन तायो', चला जेवू, म्हणायचंच असतं. ओळखीचा असो, पोस्टमन असो. आणि त्यानं म्हणायचं असतं, पोट भरलंय, चालू द्या. आणि पुढं जायचं असतं. "एव्हरीबडी सेज, मॅम," ती डोळे पुसत म्हणाली. "नोबडी सिट्स."

मी बसले होते. एमानं तर तोपर्यंत एका मासळीचं शेपूट उचललं होतं.

असं म्हणताना मला आपली लाज वाटायला हवी, पण खरं सांगते, मी हसत होते. ज्या घरात 'या जेवायला' हे शब्द मी दिवसातून दोनदा ऐकत वाढले, त्या घरातली मी. फ्लॅटच्या बंद दारामागे इतकी वर्षं जेवून मी ते पार विसरले होते. आमच्या घराचं जेवण ओटीवर व्हायचं. समोरून विहिरीकडे जाणारी वाट. पपा ताटावर बसले की वाटेवरून जाणाऱ्या कोणालाही, भाजीच्या टोपल्या नेणाऱ्या बायकांना, चर्चच्या फादरना, ज्याच्याशी बांधावरून भांडण चाललेलं त्यालासुद्धा, "या जेवायला" म्हणायचे. समोरून "होऊ द्या सावकाश" आलं की मगच पहिला घास. कोणी दिसलं नाही तर ते थोडा वेळ थांबायचे. आई चिडायची, "भात गार होतोय, आता काय कावळ्याला बोलावणार?"

मर्लिन उठली आणि आणखी एक खुर्ची घेऊन आली. पपांना म्हणाली, "सर. नाऊ फॉर रिअल." पपा म्हणाले, नको. ती म्हणाली, प्लीज. पपा पुन्हा नको म्हणाले. तिसऱ्यांदा तिनं बोलावलं तेव्हा ते बसले, कारण तिसऱ्यांदा नाही म्हणणं म्हणजे त्या घराचा अपमान. हा नियमही बहुधा दोन्हीकडे सारखाच असावा, कारण तीही तिसऱ्याला उत्तराची वाट न बघता वाढायला लागली.

मुगाच्या आमटीत हिरवा पाला होता. पपांनी तो बोटांत धरून उलटसुलट केला. "शेवग्याचा," ते म्हणाले. मर्लिन म्हणाली, "मलुंगाय." शुक्रवारी त्यांच्याकडे मूग. मटण-कोंबडी नाही, लहानपणापासून आईनं लावलेली सवय. "आमच्याकडे पण शुक्रवारी मटण नाही," पपा मराठीत म्हणाले, आणि मी इंग्रजीत सांगायच्या आत ती मान डोलवत होती. पपांनी भात कालवला. बोटं भातात पुरती बुडाली, जशी मी आईच्या जाण्यानंतर पाहिली नव्हती. एक घास, मग दुसरा. मासा त्यांनी काट्यापासून असा सोडवला, की काटा अख्खा बाजूला निघाला. मग त्यांनी भात मागितला. मी काचेबाहेरच्या लाँड्रीच्या पाटीकडे बघत बसले, कारण त्यांच्याकडे बघितलं असतं तर मी तिथंच रडले असते, आणि पपांना जेवताना कोणी रडलेलं चालत नाही.

परत येताना रस्ता तव्यासारखा तापला होता. भिंतीच्या सावलीनं चालताना पपा स्वतःहून बोलले. "भूक लागते गं मला. रोज लागते. पण एकट्यानं ताट पुढं घेतलं की कसंतरीच वाटतं. कोणाला काही न म्हणता असं सरळ गिळायला लागायचं म्हणजे चोरून खाल्ल्यासारखं. तिकडे ओटीवर बसतो तर वाट रिकामी. आता सगळे गाडीनं जातात, काचा लावून. पूर्वी कोणी नसलं तरी तुझी आई असायची ना, कावळ्यावरून बोलायला."

मी इतके दिवस मसाला बदलत होते.

त्यानंतरचा उन्हाळा म्हणजे निव्वळ सुख. पपा रोज दुपारी तीनच्या सुमाराला, हॉटेलातली माणसं जेवायला बसायची त्या वेळेला, डोक्यावर ओला रुमाल टाकून खाली उतरायचे. रिकाम्या हातानं जाणं त्यांना पटेना, म्हणून मला रोज काहीतरी करून डब्यात घालून द्यावं लागायचं. तो डबा परत यायचा तेव्हा त्यातही काहीतरी असायचंच. कधी चिंचेचं आंबट सार, त्यात कोळंबी आणि मुळा. कधी गुळमट व्हिनेगरात शिजलेली कोंबडी. कधी केळं साखरेत घोळून, पातळ पारीत गुंडाळून तळलेलं. या शेवटच्या पदार्थावर पपांचं मत पडलं, की पारी चांगली पण केळं चुकीच्या जातीचं. ते मत त्यांनी मर्लिनला ऐकवलं. तिनं कमरेवर हात ठेवून तिच्या केळ्याची बाजू मांडली. दोघांची भाषा वेगळी होती, पण भांडण अगदी व्यवस्थित झालं.

हळूहळू हॉटेलच्या सवयी आमच्या घरात आल्या. ती माणसं वस्तू दाखवायला बोट वापरत नाहीत, ओठ वापरतात. चंबू करून ज्या दिशेला फेकतील तिथं ती वस्तू. एका आठवड्यात पपा तरबेज झाले. मी विचारावं, "पपा, रिमोट कुठंय?" तर पेपरातून डोकं वर न काढता ओठांचा चंबू सोफ्याकडे. एमा तर सुट्टीतल्या क्लासमध्येही तसं करायला लागली आणि टीचरचा मेसेज आला. मी पपांना तो वाचून दाखवला. त्यांनी ओठांनीच दार दाखवलं.

आणि हालो-हालो. मोठ्या काचेच्या पेल्यात तळाशी गोड घेवडे, नारळाची मलई, साबुदाणा, मग किसलेला बर्फ, वरून आटवलेलं दूध, आणि सगळ्यावर जांभळा गोळा. पपांनी त्या जांभळ्या गोळ्याचा चमचा तोंडात घातला आणि थांबले. "कोनफळ," ते म्हणाले. मी म्हटलं, काहीतरीच काय. त्यांनी पुन्हा चव घेतली. "बाय, मी जमिनीतून काढलंय हे. कोनफळाचं आइस्क्रीम करतात ही माणसं." आम्ही मर्लिनच्या फोनवर त्या कंदाचा फोटो बघितला. कोनफळच होतं. दुसऱ्या दिवशी पपा बॅगेतली सुकेळी घेऊन गेले. सोपट सोडलं, चिकट सोनेरी चकत्या कापल्या आणि बर्फावर पेरल्या. मर्लिननं डोळे मिटून खाल्लं. मग तिघींनी आणि आम्ही तिघांनी एकाच पेल्यात चमचे घातले आणि बर्फ वितळायच्या आत तो संपवला. वसईचं सुकेळं आणि त्यांचं कोनफळ, मधे कतारचा उन्हाळा. एवढं स्वस्त आणि एवढं पोटभर सुख मला या शहरात दुसऱ्या कुठल्या काचेआड मिळालेलं नाही.

जेवण झाल्यावर त्या कोपऱ्यात गप्पा चालायच्या. मी सुट्टीच्या दिवशी दुभाषी. मर्लिनचं गाव समुद्राकाठचं, लहानसं. त्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. तिची आई गाड्यांच्या थांब्याशी पत्र्याखाली खानावळ चालवायची. एका लांब टेबलावर झाकलेली पातेली, आणि येणारा प्रत्येक जण झाकण उचलून आत डोकावायचा, नाक लावायचा, मग पुढचं झाकण. "माय मदर हेट दॅट," मर्लिन म्हणाली. "ऑल द फ्लाइज." त्यांचा उन्हाळा एप्रिल-मेमधला. शाळेला सुट्टी लागली की घराघरापुढं एकेक टेबल यायचं आणि पोरं बर्फाचा गोळा विकायला बसायची. विकणारी पोरं तीच आणि खाणारी तीच. दुपारी नदीत डुंबायचं, ओल्या कपड्यांनी खानावळीत येऊन शेवयांची एक बशी चौघांत खायची. मे महिन्यात गावच्या संताचा सण. त्या दिवशी कुठल्याही घरात शिरावं आणि जेवावं, कोणाचं घर हे विचारायचंच नाही.

पपा मग आपला मे महिना काढायचे. विहिरीत उड्या, ताडगोळे, सोपटावर वाळणारी राजेळी केळी आणि त्यांच्यावरच्या माश्या हाकलायला बसवलेली पोरं, लग्नांचे मांडव, आणि मांडवात पंगतीला बसलेला अख्खा गाव. मी भाषांतर करत बसायचे, आणि कधीकधी माझा गोंधळ व्हायचा, की आता हे कोणाच्या गावातलं सांगायचंय. एमा ऐकत असायची. एकदा म्हणाली, "मम्मा, आय वॉन्ट टु हॅव अ मे लाइक दॅट." माझ्या पोरीचा मे महिना एसीत जातो. तरी मी तिला म्हटलं, तुला जुलै मिळालाय की, हा घे.

ऑगस्ट आला, हवेतली वाफ इतकी वाढली की खिडक्या बाहेरून ओल्या. पपांच्या गालांवर मांस आलं होतं. व्हिसा संपत आला तशी मी सुरुवात केली. "राहा ना, पपा. वाढवून घेऊ." भावाचाही फोन, की घर बंद करू, एकट्यानं कशाला राहायचं.

पपा म्हणाले, "इथं मी पाहुणा आहे, बाय. रोज दुसऱ्याच्या पंगतीला बसतो. मर्लिन चांगली आहे म्हणून. पण मला आता वाढायचंय कोणाला तरी."

"तुम्हाला चहा सोडून काही येत नाही."

"म्हणून तर तिकडे शिकतोय."

हे मला नवीन होतं. हा गृहस्थ दुपारी नुसता जेवत नव्हता, जेवणाआधी तासभर लवकर जाऊन मर्लिनच्या शेगडीशी उभा राहत होता. जन्मात ज्यांनी गॅसचं बटण फिरवलं नव्हतं, ते पपा. त्यांनी घरी मला मूग करून दाखवले. भातात बोटाच्या पेरभर पाणी घातलं आणि म्हणाले, तिच्या आईनं तिला असंच शिकवलंय. आईपण असंच मापायची, मी कधी बघितलं नव्हतं. मूग जरा करपले. आम्ही चौघांनी खरवडून खाल्ले.

शेवटच्या दुपारी मर्लिननं त्यांना केसांची जाळी आणि एक झारा दिला. पपांनी तिला काय दिलं ते मला माहीत नाही, कारण दोघंही आत स्वयंपाकघरात होते आणि बाहेर आले तेव्हा दोघांची नाकं लाल होती. मर्लिन म्हणाली, कांदा. पपा म्हणाले, कांदा.

आणि ते गेले. रिकाम्या वाटेच्या, रिकाम्या ओटीच्या घरात. मी रविवारी सकाळी फोन करायचे. "जेवता ना?" "जेवतो." तेच उत्तर ते मला कबुतरांच्या दिवसांतही द्यायचे, त्यामुळे माझा काडीचा विश्वास बसायचा नाही. मार्थाबायला फोन लावला तर ती म्हणे, "तुझ्या बापालाच विचार. मला वेळ नाही." जिला पट्ट्याचं भोक दिसलं होतं, तिला आता वेळ नाही. हे मला अजिबात आवडलं नाही. हिवाळा गेला. यंदा एप्रिलमध्येच मी पपांना म्हटलं, जूनचं तिकीट काढते. "यंदा नाही जमायचं," ते म्हणाले. का, तर, "इथं कामं आहेत." वाडी तर भावानं कसायला देऊन टाकलीय. कसली कामं? मी विल्सनशी रात्र रात्र हेच बोलत बसले. मर्लिनला सांगितलं, तर ती पातेलं घासत म्हणाली, "पापा इज ओके, मॅम." तिला कशावरून कळलं, ते तिनं सांगितलं नाही.

परवा नळाचा चटका बसला त्या संध्याकाळी मला राहवेना. रविवार नव्हता, सकाळ नव्हती. कामावरून येऊन पर्ससुद्धा न ठेवता व्हिडिओ कॉल लावला. तिकडे रात्रीच्या जेवणाची वेळ. म्हटलं, आता पकडतेच ह्यांना.

फोन उचलला मार्थाबायनं. "कोण? अगो, तू होय. थांब हां." मग मला बराच वेळ पंखा दिसला. मग कोणीतरी फोन कशाला तरी टेकवून ठेवला, आणि आमची ओटी दिसली. दिवा लावलेला. चटईवर ताटं मांडलेली आणि ताटांपुढं माणसं. मार्थाबाय, जिच्या मुली दुबईत आहेत. पलीकडच्या आळीतले मास्तर, ज्यांचे मुलगे ऑस्ट्रेलियात. ऐकू न येणारे आगुस्तीनमामा, ज्यांचं कोणीच नाही. आणखी दोन पाठमोरी डोकी, पांढरी. गावातल्या ज्या ज्या घरात एकच दिवा आणि एकच टीव्ही लागतो, त्या सगळ्या घरांतली माणसं. खांद्यावर टॉवेल टाकून पपा पातेलं घेऊन आले. पट्टा नव्हताच, लुंगी होती, आणि लुंगीवर चांगलं वाटोळं पोट.

"पपा, हे काय?"

"काय म्हणजे? जेवण."

"आज काही आहे का?"

"रोज असतं. उद्या मास्तरांकडे मासळी आहे, पण वाढायला मीच लागतो. तू नंतर कर फोन. ही माणसं ताटावर बसलीत आणि मी काय बोलत उभा राहू?"

आणि त्यांनी फोन ठेवला. कशी आहेस नाही, एमा कशी आहे नाही, काही नाही. विल्सन आतून म्हणाला, काय झालं? मी म्हटलं, पपांनी माझ्या तोंडावर फोन बंद केला. माझे डोळे वाहत होते आणि मी हसत होते. आयुष्यात कोणी असं वागल्यावर मला इतकं बरं वाटलं नव्हतं.